एका दिवसात बसणारी कॅप आणि तो जांभळा ठोकळा

मावशीच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालं होतं. दात स्कॅन करायचा, दवाखान्यातल्याच मशीनवर कॅप कोरायची आणि एकाच बैठकीत बसवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने अपॉइंटमेंट रद्द केली, कारण तिच्याकडे ‘एका दिवसातल्या कॅपचं भयानक सत्य’ नावाचं एक फॉरवर्ड पोचलं. तेच पुढे माझ्याकडे आणि आणखी दोन ग्रुपवर आलं. म्हणणं थोडक्यात असं: ही कॅप प्लास्टिकची असते, तोंडात फिरवतात त्या स्कॅनरमुळे कॅन्सर होतो, लॅबची कॅप आठ दिवस घेते म्हणून तीच पक्की, मशीनची कॅप दातावर नीट बसतच नाही, आणि सगळ्यात शेवटी, ‘दात दुखत नसेल तर कॅपची गरजच नाही, हा निव्वळ धंदा आहे.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचं हास्यास्पद आहे आणि हे घातक.

अहो, दुखणार कसं? रूट कॅनालमध्ये दाताची नसच काढून टाकतात. नस काढलेला दात दुखत नाही, यात त्याच्या मजबुतीचा पुरावा कुठे आला? दाढ आधीच किडीने पोखरलेली असते, त्यात मुळांतल्या नळ्यांपर्यंत पोचायला वरून भोक पाडलेलं. उरतात त्या कडेच्या भिंती. मधलं फिलिंग त्या भिंतींना बाहेरून आवळून धरू शकत नाही, आणि चावताना सगळा जोर त्यांच्यावर येतो. मग एके दिवशी साधं काहीतरी खाताना कट् असा आवाज होतो आणि एक भिंत सुटून हातात येते. तुकडा वरच्या वर निघाला तर निभावतं. चीर मुळात उतरली तर बहुतेक वेळा दाढच काढावी लागते, म्हणजे रूट कॅनालचा सगळा खटाटोप पाण्यात.

हे माझं मत नाही. अ‍ॅक्विलिनो आणि कॅप्लन यांचा २००२ सालचा अभ्यास ‘जर्नल ऑफ प्रॉस्थेटिक डेंटिस्ट्री’मध्ये आहे. रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेले, असं त्यात आढळलं. अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेला आहे, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कॅपला देता येणार नाही, हे कबूल. पण सहापट! समोरच्या दाताला भोक लहान असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर कधीकधी नुसत्या फिलिंगवर भागतं, हेही खरं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा फरक सांगितला असता तर मी त्याचे आभार मानले असते. त्याने सरसकट सगळ्या दातांना नको म्हणून सांगून टाकलं.

आता प्लास्टिक. सोबतच्या व्हिडिओत जांभळट ठोकळा मशीनमध्ये कोरला जातो, भट्टीत जातो आणि दातासारखा पांढरट होऊन बाहेर येतो. खाली लाल अक्षरांत: ‘पाहा, रंग दिलेलं प्लास्टिक!’ ती भट्टी साधारण ८४० अंश सेल्सिअसवर चालते. कुठलं प्लास्टिक ८४० अंशांत टिकतं, तेवढं एकदा सांगा. तो ठोकळा लिथियम डायसिलिकेटचा, म्हणजे काचेच्या जातीच्या सिरॅमिकचा आहे. पूर्ण कडक झालेलं हे सिरॅमिक कोरायला गेलं तर हत्यारंच झिजतील, म्हणून ते मुद्दाम अर्धवट पक्क्या अवस्थेत ठेवतात. त्या अवस्थेत ते निळं-जांभळं दिसतं. कोरून झाल्यावर भट्टीत आतले स्फटिक वाढतात, रंग पालटतो आणि ताकद दुपटीहून जास्त वाढते. ज्या दृश्याला फसवणुकीचा पुरावा म्हणून फिरवताय, ते मुळात कॅप पक्की होण्याचं दृश्य आहे.

स्कॅनरचं एका वाक्यात: तो प्रकाश टाकून दाताचं चित्र घेतो, त्यात एक्स-रे नसतात.

आठ दिवस लागतात म्हणजे आठ दिवस कॅप भाजत ठेवतात, असं वाटतं की काय? माप लॅबला जातं, साचा ओततात, आधीच्या कामांची रांग असते, मग कॅप परत येते. बहुतेक दिवस यात जातात. आणि ‘नवीन प्रयोग आपल्यावर करतात’ म्हणावं, तर झुरिक विद्यापीठात मोर्मान आणि ब्रांडेस्टिनी यांच्या मशीनने पहिल्या पेशंटला एकाच बैठकीत सिरॅमिकचं इनले (दाताच्या खड्ड्यात बसणारा तुकडा) बसवलं ते १९८५ साली.

राहिला मुद्दा नीट बसण्याचा. इथे, मनाविरुद्ध का होईना, थोडं मान्य करावं लागतं. स्कॅनरला जे दिसतं तेवढंच तो टिपतो. दाताची तासलेली कड हिरडीखाली खोल असेल, वर रक्त किंवा लाळ असेल, तर चित्र अंधुक येतं आणि कॅपच्या काठाशी फट राहते. त्या फटीतून कीड शिरते. पण हिरडीखालची ओली कड रबरी मापातही धड येत नाही, म्हणजे दोष एकट्या मशीनचा नाही. समोरच्या एकाच दाताचा रंग शेजारच्या दाताशी हुबेहूब जुळवायचा असेल, तर मात्र हाताने थर चढवणारा लॅबचा कारागीर अजून सरस ठरतो. तिथे आठ दिवस थांबावं. मावशीची तर मागची दाढ आहे!

एक खरी अडचण मात्र फॉरवर्डवाल्याला सुचलीच नाही. एकाच बैठकीत काम होतं तेव्हा कॅप बसवताना जबडा बऱ्याचदा अजून बधिर असतो. डॉक्टर रंगीत कागद दातांमध्ये ठेवून ‘चावून बघा’ म्हणतात, आणि बधिर माणूस सगळं ठीक आहे म्हणून मोकळा होतो. बधिरपणा उतरल्यावर कॅप उंच लागतेय, बाकीच्या दातांआधी तीच टेकतेय असं वाटलं, तर ‘होईल सवय’ म्हणत बसू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि जाऊन घासून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम असतं.