फोटो पुसण्याचा मुहूर्त

फोनमधले फोटो पुसायचे असतील तर गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुराच्या पुतळ्याला काडी लावायची वेळ होईपर्यंत थांबावे. वर्षभर सवड असते हे खरे, पण सवडीने पुसलेल्या फोटोत मजा नाही. आदल्या संध्याकाळपासून वाड्यावरची पोरे कागद चिकटवताहेत, शिंगे बसवताहेत, बंद पडलेला जनरेटर लाथ घालून सुरू करताहेत, असे शंभरेक फोटो तुम्ही काढलेलेच असतात. पहाटे पाचला कृष्ण झालेल्या मुलाला झोपेतून उठवून आणतात, चक्र फिरते, पहिली ठिणगी पडते आणि तुमच्या फोनवर पाटी येते : जागा शिल्लक नाही.

आता अंगठा चालवा. अंधारात, धुरात, मागून कोणीतरी ढकलत असताना जे हाताला लागतील ते दहा-बारा फोटो उडवा. हाताला लागतात ते त्याच रात्रीचे असतात, हे घरी येऊन कारीट फोडून, पोह्यांची दुसरी वाटी घेताना कळेल. नरकासुर गेलेला असतो. जनरेटर उरतो. दर वर्षी उरतो. माझ्याकडे चार दिवाळ्यांचे जनरेटर आहेत.

ज्यांना ही धावपळ सोसत नाही, त्यांनी जूनमधली एखादी दुपार धरावी. पाऊस कोसळतोय, वीज गेलेली आहे, तुम्ही बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, खुर्ची टाकून बसला आहात. सर्वांत जुन्या फोटोपासून सुरुवात करा. कुणाच्या तरी लग्नातली पंगत, केळीच्या पानावर खतखते. लग्न कुणाचे ते आठवत नाही. असला फोटो पुसायला अगदी योग्य. म्हणूनच पुसण्याआधी बायकोला दाखवा. ती हात पदराला पुसत येईल, दोन बोटांनी फोटो मोठा करील आणि म्हणेल, ‘‘ही कोपऱ्यातली कोण? ही तर तुमच्या आत्याची जाऊ. हिने माझी पैठणी नेली होती, ती आणून दिली का?’’ मग म्हापशाला फोन लागतो. पैठणी दिली की नाही यावर दोन मते पडतात. तासाभराने बॅटरी नऊ टक्क्यांवर येते, पुसलेल्या फोटोंची संख्या शून्य असते आणि ज्याला कचरा समजत होतो तो फोटो आता पुरावा म्हणून जपून ठेवावा लागतो. पुढच्या जूनला पुढचा फोटो घ्यावा.

चवथीच्या फोटोंना तर हातही लावू नका. माझ्या फोनात एका वर्षीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी बांधलेल्या छताचे, चौसष्ट फोटो आहेत. बाहेरच्या माणसाला ते सारखेच दिसतील. बाहेरच्या माणसाचे काय ऐकता? एकात माटोळी पूर्ण आली आहे, कवंडळांपासून सुपारीच्या शिपट्यापर्यंत एकूण एक फळ मोजून घ्यावे, पण गणपतीचा मुकुट कापला गेला आहे. दुसऱ्यात मुकुट आहे, पण आईचे डोळे मिटलेले. तिसऱ्यात आईचे डोळे उघडे, पण काकांच्या तोंडात अख्खी नेवरी. चौथ्यात सगळे नीट आहे, फक्त फोटो काढणाऱ्याचे बोट आले आहे, आणि ते बोट थोरल्या काकांचे असल्यामुळे तोही ठेवावा लागतो. चांगला फोटो एकच आहे, तो चौसष्ट तुकड्यांत वाटून ठेवला आहे, इतकेच. यातला एक तुकडा जरी पुसला तरी ती चवथ अपुरी राहील.

बरे, हे चौसष्ट फोटो चौसष्टच असतात अशी समजूत करून घेऊ नका. अँड्रॉइड फोनवर तुम्ही स्वतः काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घरच्या ग्रुपवर टाकलात की त्याची एक प्रत ‘पाठवलेले’ म्हणून वेगळ्या कप्प्यात जाऊन बसते. मग ग्रुपवरचे धाकटे काका तोच फोटो ‘आमची माटोळी’ म्हणून वाड्याच्या ग्रुपवर टाकतात, तुम्ही त्याही ग्रुपवर असता. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया गॅलरीत दाखवायचा की नाही हे ठरवणारे एक बटन आहे, आपोआप डाउनलोड बंद करायचेही आहे. पण ती बटने दाबली आणि काकांचा ‘शुभ सकाळ’वाला सूर्यफुलाचा फोटो तुम्ही पाहिला नाहीत, तर श्राद्धाच्या पंगतीत त्याचा जाब द्यावा लागेल. त्यापेक्षा फोन भरलेला बरा.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज मॅनेज करा’ असे एक ठिकाण आहे. फोनच्याही सेटिंगमध्ये तसेच एक आहे. तिथे चुकूनही जाऊ नये. तिथे मोठी फाइल वर आणि छोटी खाली अशी यादी लागते, म्हणजे फोन खरोखर कुणी भरला ते एका नजरेत दिसते, आणि मग फोटो पुसायचा सगळा सोहळाच बारगळतो.

मी गेलो होतो, म्हणून सांगतो. यादीत सर्वांत वर आमच्या गावच्या जत्रेतले नाटक होते. तीन अंकी, ऐतिहासिक, रात्री साडेअकराला सुरू झालेले. त्यात माझा भाचा शिपाई झाला होता. त्याला दोन वाक्ये होती, पण ती कुठल्या अंकात आहेत हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हते, म्हणून मी तिसऱ्या रांगेतून पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत अडीच तास चित्रीकरण केले. तेही ४के मध्ये, कारण भाचा एकुलता एक. आता हिशेब बघा. चांगल्या फोनवर, फाइल दाबून लहान केली तरी, ४के व्हिडिओचे एक मिनिट साधारण १७० एमबी खाते. अडीच तासांचे झाले पंचवीस जीबी. एक साधा फोटो अडीच एमबीचा धरला तर हे एक नाटक राखायला दहा हजार फोटो पुसायला हवेत. मी पुसायला लागलोही होतो.

ते नाटक नंतर कुणी पाहिले का, हा प्रश्न असंस्कृत आहे. मी एकदा पाहिले, पहिले मिनिट, नीट उतरले आहे का ते बघायला. पडद्यासमोर एक गृहस्थ हात जोडून उभे आहेत आणि म्हणताहेत, ‘‘रसिकांनी कृपया आपापले मोबाईल बंद ठेवावेत.’’ आवाज स्पष्ट आला आहे. भाचा तिसऱ्या अंकात कुठेतरी असणार. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टकलामागे त्याच्या भाल्याचे टोक दिसते, असे त्याची आई म्हणते.

पाहुण्यांच्या फोटोंविषयी थोडक्यात. मुंबई-पुण्याचे नातलग गोव्यात आले की त्यांचे फोन म्हणे समुद्रावर नीट चालत नाहीत. ‘‘तुझ्या फोनचा कॅमेरा छान आहे रे, तूच काढ, मग पाठव सावकाश.’’ त्या ‘सावकाश’मुळे माझ्याकडे दोनापावलच्या जेटीवर हात पसरून उभ्या असलेल्या माणसांची तीन वर्षांची मालिका आहे. मी स्वतः त्या जेटीवर एकाही फोटोत नाही. पुसायला गेलो की बरोबर त्याच दिवशी निरोप येतो, ‘‘ते मागच्या मे महिन्यातले टाक ना, डीपीला हवेत.’’ हा निरोप पुसल्यानंतर तासाभरात येतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा एखाद्या नातलगाची खुशाली कळेनाशी झाली असेल तर त्याचे फोटो पुसून बघावेत.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल की क्लाउडवर टाका, फोन मोकळा करा. टाका की. गुगल फोटोजवर थोड्या हलक्या दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असा एक काळ होता. तो ३१ मे २०२१ ला संपला. १ जूनपासून टाकलेला प्रत्येक फोटो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजला जातो, आणि त्याच कोट्यात तुमचा ईमेलही राहतो. म्हणजे माटोळीने पंधरा जीबी भरले की बँकेचे पत्र दारातून परत जाते. मग महिन्याला पैसे भरायचे. आपण भरतो, मुकाट्याने भरतो. आणि २०१९ मध्ये पर्रा पंचायतीने माडांच्या त्या नावाजलेल्या रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना पैसे लावले, तेव्हा केवढी ओरड झाली! बिचाऱ्या पंचायतीची चूक एवढीच, की तिने फोटो काढायचे पैसे मागितले. काढू द्यायचे फुकट आणि ठेवायचे पैसे घ्यायचे, हे तिला सुचले नाही.

क्लाउडवर चढवल्यावर फोनमधले फोटो पुसताना एक बारीक अक्षरांतली सूचना येते, की हा फोटो सगळ्या ठिकाणांहून जाईल. ती वाचत बसू नये. फक्त फोनमधली प्रत काढून क्लाउडवरची ठेवणारे वेगळे बटन आहे, ‘जागा मोकळी करा’ म्हणून, पण ते सापडेपर्यंत आपला उत्साह टिकत नाही. आमच्या ओळखीच्या एकाने सरळ पुसले आणि मग टॅबवर उघडून बघितले. टॅब स्वच्छ. बायकोच्या फोनवर त्याच खात्यातून बघितले. तिथेही स्वच्छ. इतकी जागा एकदम मोकळी झालेली पाहून त्याला बसायलाच जागा पुरेना.

पण घाबरायचे कारण नाही, कारण पुसलेला फोटो मुळी पुसला जातच नाही. तो कचऱ्याच्या डब्यात जाऊन महिना-दोन महिने बसतो आणि तिथूनही जागा अडवतो. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा यापेक्षा लवकर जातो. डबा वेगळा रिकामा करावा लागतो, आणि तो उघडला की आत सगळे ओळखीचे चेहरे. मी रिकामा करायला म्हणून उघडतो आणि दर वेळी सातआठ जणांना परत घरात घेऊन येतो. पंगतीतली ती आत्याची जाऊसुद्धा दोनदा परत आली आहे.

गेल्या आठवड्यात फोंड्याची मावशी आली. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत ठणठणीत, कोकम सरबतात साखर कमी पडली तर बोलून दाखवते. म्हणाली, ‘‘माझा एक बरासा फोटो काढून ठेव रे. उद्या पेपरात घालायचा झाला की तुमची पळापळ नको. तुझ्या काकाच्या वेळी आठवते ना?’’ आठवते. काकांचा एकटा फोटो घरात सापडला नव्हता. शेवटी एका मुंजीतला कापून छापला, आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीत त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी अंगठी घातलेला हात राहून गेला. तो हात कुणाचा, हे लोक अजून विचारतात.

मी म्हटले, ‘‘काढायचा कशाला? तुझे शेकड्यांनी आहेत.’’ आणि शोधायला बसलो. मावशी वाढताना, पाठमोरी. मावशी नेवऱ्या तळताना, वाफेत. मावशी ‘‘माझा नको रे’’ म्हणत हात पुढे करताना, फक्त हात. सरळ समोर बघणारी, एकटी, पांढऱ्या भिंतीपुढे बसलेली मावशी एकाच फोटोत होती. बँकेच्या केवायसीसाठी काढलेला. तो कागदपत्रांच्या फोटोंत होता, वीजबिलाच्या आणि गॅसच्या पावतीच्या मध्ये, आणि जागा करताना मी काही पुसले असेल तर तेवढेच पुसले होते.

डबा उघडला. होता. मावशी सरळ माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हनुवटीखाली लिहिले होते : ११ दिवस शिल्लक.

फोन उलटा ठेवायच्या आत मावशीने तो घेतला, चष्मा चढवला, लांब धरून वाचले. बराच वेळ काही बोलली नाही.

‘‘अकराच?’’ ती म्हणाली. ‘‘चवथ तेरा दिवसांवर आहे. वाढवून मिळतात का बघ.’’