मत दिलं की जिरवली?

परवा मामांकडे जेवायला गेलो होतो. मामांचं गाव कोल्हापूर शहराला इतकं चिकटलंय की आमची शेवटची गल्ली आणि त्यांची पहिली गल्ली यात एक ओढाच काय तो. विषय निघाला हद्दवाढीचा, म्हणजे शेजारची गावं महापालिकेत घेण्याचा. मला ती पाहिजे. मामांना घरफाळा वाढेल, ग्रामपंचायत जाईल म्हणून अजिबात नको. गंमत म्हणजे विधानसभेला आमचा मतदारसंघ एकच, कोल्हापूर दक्षिण, आणि दोघांनी बटण दाबलं तेही एकाच चिन्हाचं! आता आमदार कुणीही होवो, त्यानं कुणाचं मत मांडायचं? 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून हे घोंगडं का भिजत पडलं, ते मला त्या रात्री कळलं.

सरकारात लोकांचं मत उमटतं का, असं विचारलं की आपण टक्केवारी काढतो. ती खोटी नाही. 2014 ला भाजपला देशात 31 टक्के मतं आणि 282 जागा. ब्रिटनमध्ये 2024 ला मजूर पक्षाला 34 टक्क्यांच्या आत मतं आणि 650 पैकी चारशेहून जास्त जागा. शेजारच्या हातकणंगल्यात त्याच वर्षी लोकसभेचा निकाल साडेतेरा हजारांच्या आतल्या फरकानं लागला आणि तिसरे आलेले राजू शेट्टी पावणेदोन लाखांवर मतं घेऊन घरी बसले. न्यूझीलंडनं याला कंटाळून 1993 ला सार्वमत घेतलं आणि 1996 पासून पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा द्यायला सुरुवात केली. आपणही करावं, माझी हरकत नाही.

पण आमचा घोटाळा मोजणीच्या आधीच होतो. 2019 ची लोकसभा आठवा. ‘आमचं ठरलंय’ म्हणत काँग्रेसच्या सतेज पाटलांनी आघाडीतल्याच राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिलं. मंडलिक दणक्यात निवडून आले. ती मतं दिल्लीत युतीची म्हणून मोजली गेली. इथं मात्र निम्म्या लोकांनी कुणाची तरी जिरवली होती (निम्म्या हा माझा अंदाज, तालमीच्या कट्ट्यावरचा). पुढं 2024 ला शाहू महाराज काँग्रेसकडून दीड लाखांनी आले आणि सहा महिन्यांत जिल्ह्यातल्या दहाच्या दहा विधानसभा जागांवर महाविकास आघाडीला भोपळा. सहा महिन्यांत जिल्ह्याचे विचार उलटले? मला नाही वाटत.

यावर पुण्यातले मित्र हसतात, गटबाजी म्हणतात. मला ते पटत नाही. दुधाला दर कोण देतो, उसाला तोड वेळेवर कोण देतो, रात्री दवाखान्यात फोन कोण करतो, हे बघून मत देणं हेही राजकीय मतच आहे की! फक्त त्या मतावर मुंबईत भलतंच लेबल चिकटतं. मग शेतजमिनीतून जाणाऱ्या शक्तिपीठ महामार्गासारखा प्रश्न आला की ज्याला मत दिलं त्याच्याच सरकारविरुद्ध शेतकऱ्याला रस्त्यावर बसावं लागतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं; त्यानं फक्त गट सांगितलेला असतो.

आणि महापालिकेचं काय बोलावं. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासक. तिथं प्रमाण काढायलाही मत नव्हतं.

मामांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे रस्सा वाढला आणि म्हणाले, “कर की हद्दवाढ. तुझ्याच वॉर्डात मत टाकतो. पण तू सांगशील त्याला न्हाई.”