हिरा घेताय? मग उन्हात नेऊ नका

साखरपुडा ठरला, आता इतवारीच्या सराफ्यात हिऱ्याची अंगठी घ्यायला निघालात ना भाऊ? मग पहिली गोष्ट, खडा दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहायचा हट्ट धरू नका. नागपूरचा उजेड मोठा चहाडखोर. आतल्या पांढऱ्याफेक दिव्यांखाली लखलखणारा खडा बाहेर आला की पिवळसर झाक दाखवतो आणि उगाच घरच्यांची तोंडं उतरतात. रंगाची प्रत डीपासून सुरू होऊन झेडपर्यंत उतरते. आपल्या गुणपत्रिकेवर डी आला तेव्हा घरात जेवण बंद झालं होतं, इथे तोच पहिला नंबर.

कटची चौकशी मुळीच करू नका. गोल की चौकोनी, एवढं विचारलं की कट समजला असं मानून मोकळे व्हा. चमक पैलूंच्या मापावर असते. खडा फाजील खोल कापला तर उजेड वर न येता खालून गळून जातो, वजन पोटात लपतं आणि वरून हिरा दिसतो लहान. पण हे पाहुण्यांना कोण समजावून सांगणार?

त्यांना वजन सांगा. कॅरेट म्हणजे 200 मिलीग्रॅम, म्हणजेच 100 सेंट. 97 सेंटचा खडा बऱ्यापैकी स्वस्त पडतो आणि बोटात घातल्यावर फरक ओळखणारा अजून जन्मायचाय. तरी पूर्ण एक कॅरेटच घ्या. मंडपात मामेसासूबाईंनी हात ओढून "किती कॅरेटचा गं?" विचारलं, तर "सत्त्याण्णव सेंट" म्हणायचं का?

स्वच्छतेत, म्हणजे आतल्या डागांच्या प्रतवारीत, व्हीव्हीएस या वरच्या पायरीच्या खाली उतरू नका. त्यातला डाग 10 पटीच्या भिंगातून जाणकारालाही मुश्किलीनं सापडतो. त्याखालच्या व्हीएस पायरीतलाही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हणा, पण न दिसणाऱ्या गोष्टीला जास्त पैसे मोजण्यातच खरी श्रीमंती.

प्रमाणपत्रावरचा नंबर खड्याच्या कडेला लेझरनं कोरलेला असेल, तर तो भिंगातून जुळवून बघू नका. "आमचा विश्वास आहे" म्हणा. विश्वासावर या गावात काय काय विकलं गेलं, तो विषय वेगळा.

शेवटी दुकानातला पोरगा खड्याला हिरा ओळखायचं पेनासारखं यंत्र टेकवेल, ते टूं करेल. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही ते तस्संच टूं करतं. तोही हिराच, फक्त भाव बराच कमी. खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे बिलावर लिहून मागायचा चावटपणा मात्र करू नका. टूं झालं ना? काढा पाकीट.