बाराशे पन्नास कोटी डॉलर नेमके कुणाला मिळाले?

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून इकडच्या ग्रुपांवर आणि इकडून परत तिकडे असा एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आग विझवायचा फोम म्हणजे साबणाचं पाणी. त्यातलं रसायन तर प्रत्येकाच्याच रक्तात असतं, मग घाबरायचं कशाला? त्याने कॅन्सर होतो हे कुणी सिद्ध केलेलं नाही. तरी वकिलांनी कंपनीकडून १,२५० कोटी डॉलर उकळले, आणि ज्याच्या ज्याच्या अंगावर फोम उडाला त्याला त्यातला वाटा मिळतोय. अमेरिकेतली थेरं, आपला काय संबंध?

प्रत्येक वाक्यात थोडंसं खरं आहे, म्हणून ते पटतं.

आधी साबण. पेट्रोल किंवा विमानाचं इंधन पेटलं की नुसतं पाणी मारून उपयोग नसतो. पाणी तळाला जातं आणि इंधन वर तरंगत जळत राहतं. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीबरोबर १९६० च्या दशकात यावर उपाय काढला. फायर ब्रिगेडवाले ज्याला ‘ए ट्रिपल एफ’ म्हणतात तो हा फोम. त्यातल्या फ्लोरिनयुक्त द्रव्यामुळे इंधनावर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा पसरतो आणि वाफ दबते. १९६७ मध्ये फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावरच्या आगीत १३४ जण गेले. त्यानंतर नौदलात या फोमाचा वापर रुजला. त्याने पुढे पुष्कळ जीव वाचवले, हेही नोंदवलं पाहिजे.

आता साबणाचं पाणी का वाटतं? फोम कंपाउंड साधारण तीन किंवा सहा टक्के, बाकी सगळं पाणी. त्या कंपाउंडमध्ये साबणाच्या जातीची द्रव्यंही असतात, त्यामुळे हाताला तसंच बुळबुळीत लागतं. तिकडच्या निवृत्त फायरमननी वेळोवेळी सांगितलंय की आम्हाला ‘हा साबणच’ असं सांगितलं जायचं, आम्ही त्याने गाड्यासुद्धा धुतल्या. पण उरलेल्या चिमूटभर भागात कार्बन आणि फ्लोरिनची जी जोडणी असते ती माती, पाणी, शरीर कुठेच सहजी तुटत नाही. या सगळ्या कुळाला पीफास म्हणतात. फोमाच्या बाबतीत त्यातली दोन नावं लक्षात ठेवायची, पीएफओएस आणि पीएफओए. साबण संध्याकाळपर्यंत धुऊन जातो. पीएफओएसचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला तीनेक वर्षं लागतात, तीही नवी भर पडली नाही तर.

‘प्रत्येकाच्या रक्तात असतं’ हे तर सोळा आणे खरं, आणि तीच चिंतेची गोष्ट आहे. १९९९-२००० मध्ये अमेरिकनांच्या रक्तात पीएफओएसचं सरासरी प्रमाण मिलीलिटरला सुमारे ३० नॅनोग्रॅम होतं. थ्रीएमने २००० साली ते बनवणं थांबवायचं जाहीर केलं आणि २०१७-१८ पर्यंत हा आकडा पाचाच्या खाली आला. निसर्गातून आलेलं असतं तर एवढं उतरलं नसतं. शिवाय ‘असतं’ म्हणजे किती? तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी पट्टे आखून दिले: पीफासची बेरीज २ नॅनोग्रॅमच्या आत असेल तर अपाय अपेक्षित नाही, २० च्या वर असेल तर काही ठराविक आजारांसाठी तपासण्या कराव्यात. स्वीडनमधल्या रोनेबी भागात हवाईतळावरचा फोम जमिनीत मुरून नळाच्या पाण्यात उतरला. २०१३ मध्ये ते उघडकीला आलं आणि रहिवाशांचं रक्त तपासलं, तेव्हा पीएफओएस शंभराच्या पुढे निघालं. दोन आणि शंभर-दीडशे या दोन्हींना ‘असतंच सगळ्यांच्या रक्तात’ म्हणून एका ओळीत बसवणं म्हणजे शुद्ध चलाखी.

त्या रोनेबीकरांनी दावा लावला. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रक्तातलं इतकं प्रमाण हीच शारीरिक इजा आहे, आजार होईपर्यंत थांबायला नको. अमेरिकेतला कायदा इतका उदार नाही. तिथे आजार दाखवावा लागतो, आणि तो फोमामुळेच झाला हेही.

इथे ‘कॅन्सर सिद्ध नाही’ हा मुद्दा येतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँटच्या टेफ्लॉन कारखान्यातून पीएफओए पाण्यात गेलं होतं. तिथे झालेल्या तडजोडीत एक विलक्षण अट होती: दोन्ही बाजूंना मान्य असलेले तीन साथरोगतज्ज्ञ निवाडा देतील, आणि ते ज्या आजारांशी संबंध संभाव्य म्हणतील त्या आजारांबाबत पीएफओएमुळे तो होऊ शकतो की नाही हा वाद कंपनी घालणार नाही. सुमारे ६९,००० लोकांनी रक्त दिलं. २०१२ पर्यंत तज्ज्ञांनी सहा आजार सांगितले: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. नंतर अमेरिकी हवाईदलातल्या लोकांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यातही जास्त पीएफओएस आणि वृषणाचा कॅन्सर यांचा संबंध दिसला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सरकारक, असं टाकलं.

मात्र दुसऱ्या टोकाचे फॉरवर्डही येतात, ‘फोम म्हणजे कॅन्सरच’ असे. तेही चूक. पीएफओएस ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात आहे, पीएफओएच्या बाबतीतही माणसांवरचा पुरावा त्याच संस्थेने मर्यादित मानलाय; प्राण्यांवरचा आणि शरीरात ते कसं काम करतं याचा पुरावा भक्कम ठरला. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. एकदा अंगावर फोम उडाला म्हणून कुणी घाबरू नये. त्वचेतून तो फारसा आत जात नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षं सराव करणाऱ्यांना आणि सरावाच्या मैदानाखालचं पाणी पिणाऱ्यांना.

आणि आता पैसे. या मजकुरातली सगळ्यात मोठी थाप इथे आहे. थ्रीएमची १,०३० ते १,२५० कोटी डॉलरची तडजोड २०२३ मध्ये झाली ती सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी. फ्लोरिडातल्या स्टुअर्ट या छोट्या शहराचा खटला त्या जूनमध्ये उभा राहणार होता. अग्निशमन दलाच्या सरावाचा फोम तिथल्या विहिरींत उतरला होता. सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर कंपनी तडजोडीला आली. ही रक्कम २०३६ पर्यंत हप्त्याहप्त्याने जाणार, पाणी तपासायला आणि गाळायला. कंपनीने दोष कबूल केलेला नाही. ड्यूपाँट आणि तिच्यातून निघालेल्या कंपन्यांचे ११८.५ कोटी, टायकोचे ७५ कोटी, बीएएसएफचे ३१.६५ कोटी, सगळे याच प्रकारचे. आजारी फायरमनसाठी यातला छदामही नाही.

आजाऱ्यांचे दावे वेगळे. तेही साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनच्या न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांच्यापुढे एकत्र केलेले आहेत, पण तिथे प्रत्येकाला आपापलं सिद्ध करावं लागतं: कुठे, किती वर्षं संपर्क आला, निदान कोणतं, दावा मुदतीत आहे का. मूत्रपिंडाचा कॅन्सर असेल तर ‘तुम्ही सिगारेट ओढत होता, वजन जास्त होतं’ हे कंपनीचं उत्तर ठरलेलं. पार्कर्सबर्गची ती अट या कंपन्यांना लागू नाही. वर त्यांचा बचाव असा, की नौदलानेच असा फोम मागितला, आम्ही सरकारी मागणीप्रमाणे बनवला. २०२२ मध्ये गर्गेल यांनी या बचावावर खटले निकालात काढायला नकार दिला. सरकारला धोका पुरेसा सांगितला होता का, हे ज्युरी ठरवेल. वकिलांच्या जाहिरातबाजीबद्दल मजकूर म्हणतो ते खोटं नाही. पण फॉर्म भरला की चेक आला असं काही नसतं, आणि तसं सांगून कुणी आगाऊ फी मागत असेल तर फोन ठेवून द्यावा.

राहिला ‘आपला काय संबंध’. विमानतळ, बंदर, तेलाच्या टाक्या आहेत तिथे फोम लागतोच, मुंबईतही. सहजी न तुटणाऱ्या घातक रसायनांवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएस २००९ मध्ये आलं. भारताने २०२० मध्ये नव्याने यादीत आलेली सात रसायनं मान्य केली, त्यात ते नव्हतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासला मर्यादा नाही; अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ठरवली. इटलीत विचेन्झाजवळ पीफास बनवणारी मितेनी कंपनी २०१८ मध्ये बुडाली, आणि २०२५ च्या जूनमध्ये पाणी दूषित केल्याबद्दल तिच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. त्या कारखान्याची यंत्रं विकत घेतली गेली आणि आली ती आपल्या लोटे परशुरामच्या एमआयडीसीत. हा कारखाना फोमाचा नव्हे, पण रसायनांचं कूळ तेच.