उमेदवारी

माझ्या कपाटातल्या फायलीत एक पिवळा पडलेला कागद आहे. जून १९९३ चा. सायक्लोस्टाइल केलेला, मधल्या रिकाम्या जागेत शाईनं माझं नाव भरलेलं. तीन महिन्यांच्या उमेदवारीवर विक्री सहायक म्हणून नेमणूक, दरमहा मानधन रुपये ४५०. खाली व्यवस्थापकांची सही आणि ग्राहक सहकारी भांडाराचा गोल शिक्का.

परवा भाचा घरी आला होता, त्याला तो दाखवला. त्यानं दोनदा वाचला आणि विचारलं, "आत्या, उमेदवारी म्हणजे निवडणुकीतली?"

वय २१, बी.कॉम. झालेला मुलगा. त्याला हा शब्द या अर्थानं ठाऊकच नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याच्या वाट्याला ती गोष्टच आली नाही. आमच्या लहानपणी सुताराकडं, शिंप्याकडं, गॅरेजवर, वकिलाच्या ऑफिसात, सगळीकडं पोरं उमेदवारी करायची. म्हणजे काम येत नाही हे दोघांनाही मान्य असायचं, आणि ते शिकवण्यासाठीच तुम्हाला ठेवून घेतलेलं असायचं. आता 'उमेदवार' राहिलाय तो फक्त अर्ज करणारा.

भाचा तासगावजवळच्या गावचा. घरची दीड एकर शेती, त्यात माझा भाऊ आणि वहिनी राबतात, तिसऱ्या माणसाला पुरेल एवढं काम तिथं नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात निकाल लागला, त्या आठवड्यापासून तो काम शोधतोय. मोठ्या पगाराचं नाही. सुपरमार्केटमध्ये रॅक भरायचं, बिलिंगला बसायचं, गोडाऊनमधून माल काढायचा. सांगली, विश्रामबाग, मिरज, कुपवाड मिळून ११ ठिकाणी तो स्वतः जाऊन आला. मोबाईलवरून केलेले अर्ज वेगळे, ते त्यानं मोजायचे सोडून दिले.

एका दुकानाचं नाव मी घेणार नाही, पण तिथं मी त्याच्याबरोबर गेले होते म्हणून सांगते. काचेवर 'स्टाफ पाहिजे' असा कागद लावलेला. आत मॅनेजर म्हणाले, "मॅडम, भरती आमच्या हातात नसते, एजन्सी बघते." एजन्सीचा नंबर दिला. एजन्सीतल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अनुभव किती. नाही म्हटल्यावर, फ्रेशर सध्या घेत नाही, बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, कळवतो. नंतर काही कळवलं नाही. त्यानं पाठवलेल्या मेसेजला दोन निळ्या टिका आल्या, एवढंच. दुसऱ्या एका ठिकाणी बी.कॉम. म्हटल्यावर म्हणाले, तू टिकणार नाहीस, चार महिन्यांत बँकेच्या परीक्षेला पळशील. त्याच्याबरोबर गेलेल्या बारावी पास मित्राला विचारलं, कॉम्प्युटर येतो का, टॅली केलंय का. म्हणजे शिकलेला जास्त शिकलेला ठरला आणि कमी शिकलेला कमी. तिसऱ्या ठिकाणी युनिफॉर्मचे आणि 'रजिस्ट्रेशन'चे मिळून दीड हजार आधी मागितले. मित्रानं भरले. तो फोन आता लागत नाही.

मला राग येतो तो आमच्या वयाच्या लोकांचा. लग्नात, बारशात, वर्गाच्या ग्रुपवर, जिथं जावं तिथं एकच वाक्य: "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, सगळ्यांना खुर्ची पाहिजे." अहो, उभं राहायला तयार असलेल्या पोराला उभं राहायला फरशी मिळत नाही! २०२४ च्या जुलैमध्ये मुंबईत कलिना इथं विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी मुलाखती होत्या. जागा सुमारे दोन हजार, आणि गर्दी एवढी लोटली की अर्ज घेऊन मुलांना परत पाठवावं लागलं. सामान उचलायचं काम होतं ते. त्याच वर्षी राज्यात पोलीस भरतीच्या १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेला शंभर. ही आळशी पोरांची लक्षणं आहेत का?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा आहे: लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के, पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. मी हा आकडा भावाला सांगितला नाही. मुलाच्या तीन वर्षांच्या कॉलेजसाठी त्यानं एक म्हैस विकली होती.

आणि सरकारी पाहणीत बेरोजगार नेमकं कोणाला म्हणतात, तेही बघा. २०२३-२४ च्या पाहणीत १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी १०.२ टक्के सांगितली आहे. या मोजणीत वर्षभरात ३० दिवस जरी काही काम केलेलं असलं तरी तो माणूस 'रोजगारात' धरता येतो. माझ्या भाच्यानं घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत एका मोठ्या दुकानात टेम्पररी काम केलं. मोजून ३३ दिवस. म्हणजे उरलेले अकरा महिने तो घरी बसला तरी त्या हिशेबात तो कामाला लागलेला आहे.

त्या ३३ दिवसांबद्दल मला जास्त बोलायचंय.

तो सकाळी सहाची एस.टी. धरायचा. कॉलेजचा पास संपलेला, त्यामुळे पूर्ण तिकीट. पहिल्या आठवड्यात त्याला कोणी काही शिकवलं नाही. फक्त "तिकडं जा, ते भर". तेलाचे डबे त्यानं पुढून भरत आणले, जुना माल मागं राहिला, सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. आधी आलेला माल पुढं, नंतरचा मागं, म्हणजे एक्स्पायरीला माल अडकत नाही, हे त्याला तिथल्याच एका मुलीनं समजावून सांगितलं. ती दुकानाची नव्हती बरं का. एका साबण कंपनीची प्रमोटर होती. सुपरमार्केटात जी माणसं आपल्याला 'स्टाफ' वाटतात त्यातली कितीतरी अशी कंपन्यांची असतात, आणि उरलेल्यांमधली बरीचशी ठेकेदाराची. दुकानाची स्वतःची माणसं थोडीच. मग नवीन पोराला शिकवायचं कुणी आणि का?

तिसऱ्या आठवड्यात त्याला जमायला लागलं. फेसिंग कसं लावायचं म्हणजे रॅकवर माल दर्शनी बाजू पुढं करून कसा मांडायचा, बारकोड वाचला नाही तर काय करायचं, गर्दीत आजीबाईंना गुळाची ढेप कुठं आहे ते कसं दाखवायचं. मला रात्री फोन करून सांगायचा. "आत्या, आज एकटा बिलिंगला होतो. कॅश टॅली झाली. एक रुपयाचा फरक न्हाई." तो आवाज मी विसरणार नाही. भाऊबीजेच्या रात्री ठेकेदाराचा मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. अनुभवाचा दाखला मागितला तर म्हणाले टेम्पररीला देत नाही. म्हणजे जानेवारीत पुन्हा विचारणार, अनुभव किती? पुन्हा शून्य.

माझी पहिली नोकरी मला एवढी आठवते कारण मी त्यात चुकले होते. १९६२ च्या युद्धानंतर महागाई वाढू लागली तेव्हा केंद्र सरकारनं देशभर ग्राहक सहकारी भांडारांची योजना आणली, त्या लाटेत उभं राहिलेलं आमचं भांडार. मुंबईत नायगावला अपना बाजार त्याच्याही आधी, १९४८ मध्येच सुरू झाला होता. आमचं काही तेवढं मोठं नव्हतं. साखर, तूरडाळ, शेंगदाणे, दिवाळीला पामतेलाची रांग. दुसऱ्याच महिन्यात माझ्या गल्ल्यात ११० रुपये कमी भरले. पगार ४५०! मी रडायला लागले. आमचे स्टोअरकीपर, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्यांनी दुकान बंद झाल्यावर माझ्याबरोबर बसून दिवसभराच्या पावत्या एक एक करून तपासल्या. रात्रीचे पावणेदहा वाजले. एका पावतीत ११ च्या जागी १२१ लिहिलं गेलं होतं. मला म्हणाले, "आता आयुष्यात ही चूक तुझ्याकडून व्हायची नाही." झाली नाही. पुढं मी २६ वर्षं हिशेबाचंच काम केलं.

अण्णांचा त्या रात्रीचा वेळ कुठल्या खात्यात लिहिला जात नव्हता. भांडारं पुढं बहुतेक ठिकाणी मोडकळीला आली, त्यात आतल्या लोकांच्या चुकाही होत्या, मला ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायचं नाही. पण नवीन पोराला शिकवणं हा दुकानाच्याच कामाचा भाग आहे, हे तिथं सगळ्यांना मान्य होतं. आताची दुकानं दहापट मोठी आहेत. तिथं हा खर्च ठेकेदारावर ढकलला जातो, ठेकेदार तो पोरावर ढकलतो, आणि पोरगं बापाकडं बघतं.

"पोरं टिकत नाहीत हो," असं दुकानदार म्हणतात. खरं आहे, टिकत नाहीत. पण का? दहा-अकरा तास उभं राहायचं. बिलिंगच्या मुलीला साधं स्टूल नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, कारण तिथल्या बायका त्यासाठी भांडल्या. हातात येणाऱ्या पगारातला चौथा हिस्सा एस.टी.ला जातो. मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा त्यांना दिलासा. पण मुलींचं दुसरंच आहे. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षिततेची, घरी पोचवायची सोय करावी लागते. कायदा चांगला आहे. पण गाडीची सोय करण्यापेक्षा मुलगीच नको, असा सोपा रस्ता काढला जातो. आणि तासगाव, कवठे महांकाळकडं जाणारी शेवटची गाडी निघून गेली तर तिनं जायचं कसं?

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, मग मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. उमेदवारीच होती ती. पण मुदत संपल्यावर पुढं काय, याचं उत्तर नव्हतं, आणि त्याच मुलांना आंदोलनाला बसावं लागलं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा तर १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं त्यात बंधनकारक आहे, आणि ठेकेदाराची माणसंही त्या मोजणीत धरायची आहेत. आपल्या शहरातल्या मोठ्या दुकानांत हे किती जण पाळतात, हे विचारायला कोण जातं? मी जाणार आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज तयार केलाय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, पण एक गोष्ट मला मनापासून हवी होती: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. प्रत्येक म्हणजे ३३ दिवसांच्या पोरालाही. तेवढा कागद त्याच्या हातात असता तर जानेवारीत त्याला 'फ्रेशर' म्हणून परत पाठवता आलं नसतं. दुकानं चालवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की तो कागद द्या, मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ नका, आणि घेणार नसाल तर 'नाही' एवढं तरी कळवा. पोरं महिना महिना फोन उशाशी घेऊन झोपतात.

गेल्या आठवड्यात मी गणपती पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यांकडं गेले. जुनी ओळख. तीन महिने भाच्याला ठेवून घ्या, काम शिकवा, म्हटलं. ते तयार झाले. मी माझा १९९३ चा कागद समोर ठेवून तसाच मजकूर लिहून नेला होता. "कागद कशाला ताई, आपली ओळख आहे की," म्हणाले. मी म्हटलं, ओळख माझी आहे, कागद त्याचा राहू दे. त्यांनी चष्मा लावला, वाचला, 'उमेदवारी' शब्दाशी थांबले, म्हणाले, "आम्ही पण केलीय, मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर." आणि सही केली. सोमवारपासून तो जातोय.

पण त्याला आत्या होती. त्याला एक्स्पायरीचं समजावणारी ती प्रमोटर मुलगी, तिचं कंपनीचं काम डिसेंबरात संपलं. कवठे महांकाळजवळच्या गावची, बारावी कॉमर्स, दीड वर्षाचा अनुभव, बिलिंग येतं, स्टॉक टेकिंग म्हणजे मालाची मोजदाद येते. संध्याकाळी सातपर्यंत थांबू शकते, पुढं गाडी नाही. तिला विचारूनच हे लिहितेय. तिचा बायोडेटा माझ्याकडं आहे. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये कुणाच्या दुकानात जागा असेल तर मला मेसेज करा.