कॅलेथियाची मर्जी

खिडकीत काहीतरी हिरवं असावं एवढीच माफक इच्छा असलेल्या माणसाने कॅलेथिया या शोभेच्या झाडाच्या वाटेला जाऊ नये. पण जातो. पानं एकेक बसून रंगवल्यासारखी, वरून फिक्या-गडद पट्ट्या, खालून जांभळा रंग. माणूस भुलतो, झाड घरी येतं आणि थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. मग जी चौकशी सुरू होते तिला अंत नाही.

अंत नाही, कारण संशयित अनेक आणि पुरावा एकच. पाणी कमी पडलं? कड करपते. पाणी जास्त होऊन मुळं कुजली? कड करपते. हवा कोरडी, पाण्यात क्षार, खताचा हात सैल, तरीही कडच. दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्याने नुसतं ‘कसंतरी होतंय’ म्हणावं, तसला हा प्रकार. म्हणून निदान पानापासून नव्हे, मातीपासून सुरू करावं.

बोट मातीत खुपसा. वरचा २ ते ३ सेंटिमीटरचा थर सुकला असेल तर पाणी द्या, तेही खालच्या भोकातून बाहेर पडेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. ‘दर रविवारी एक कप’ हे वेळापत्रक आपल्या सोयीचं असतं, झाडाला वार कळत नाहीत. माती कोरडी आणि पानं गुंडाळलेली असतील तर ती तहान. माती ओली आणि तरी पानं मलूल, ही खरी वाईट बातमी. झाड कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरट, टणक मुळं ठीक. तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारी कापून टाका. मात्र काही जातींच्या मुळांना छोट्या टणक गाठी असतात, त्या रोग समजून छाटू नका. ती झाडाने करून ठेवलेली पाण्याची तरतूद आहे.

पाणी किती, हे कळलं की पाणी कोणतं, हा पुढचा छळ. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की काम झालं, असं सगळेच सांगतात. क्लोरीन त्याने बराच उडून जातो, पण क्लोरामीन (पाणी शुद्ध करायला वापरलं जाणारं क्लोरीनचंच संयुग) सहज जात नाही, फ्लोराइड आणि क्षार तर जागचे हलत नाहीत. उकळलं तर पाणी आटतं आणि विरघळून उरलेले क्षार उलट दाट होतात. पावसाचं किंवा आरओचं पाणी उत्तम. म्हणजे घरातली माणसं जे मिळेल ते पितात आणि झाडाला गाळीव, हे एकदा स्वीकारावं लागतं. नळाचंच द्यायचं असेल तर अधूनमधून कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीनपट पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा. मातीवर पांढरी पूड दिसत असेल तर हे आजच करा.

आता फवारणी. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचे तुषार उडवण्यात जो आनंद आहे तो पूर्णपणे आपला. हवेतली आर्द्रता त्याने काही मिनिटं वाढते, पुन्हा होती तिथे येते. कुंडीखाली खडे आणि पाणी भरून ठेवलेल्या ताटलीचा उपयोगही नाममात्रच. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी असेल तर ह्युमिडिफायर लावा, नाहीतर झाडं एकमेकांजवळ ठेवा, आणि एसीच्या झोतातून हे झाड आधी हलवा. १५ अंशांखालची थंडी त्याला सोसत नाही.

उजेडाचंही नाटक आहेच. थेट ऊन लागलं की नक्षी विटते, फार अंधार झाला तरी नक्षी विटते. पडद्याआडून येणारा भरपूर उजेड हा मधला मार्ग. आणि रात्री पानं उभी राहिली म्हणून घाबरू नका. देठ आणि पातं जुळतं तिथे फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं. लाजाळूकडेही असलाच सांधा असतो, फक्त ती हात लावला की लगेच मिटते.

पानांवर फिके ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली की समजा, कोळी आले. जाळी विणणारे मोठे कोळी नव्हेत, पानांचा रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. ठिपके चालू लागले तर खात्री झाली. पानांची खालची बाजू पाण्याने नीट धुवा. मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलि नीम तेल आणि चार-पाच थेंब सौम्य द्रवसाबण ढवळून आधी एकाच पानावर दोन दिवस तपासा, नंतर संध्याकाळी सगळीकडे फवारा. ५ ते ७ दिवसांनी पुन्हा, असं तीन-चारदा. अंडी पहिल्या फवाऱ्याला दाद देत नाहीत. अर्ध्यावर सोडलेला उपाय म्हणजे कोळ्यांना दिलेली सुट्टी.

माती दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), एक भाग गांडूळखत. कोकोपीट न धुता वापरलं तर क्षार आपणच विकत आणले. कुंडी आधीच्यापेक्षा ३-४ सेंटिमीटर रुंद, जास्त नको. ओली राहणारी जादा माती मुळांना मारते. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं.

सगळ्यात मोठी चूक मात्र उत्साहाची. लोक एकाच दिवशी जागा, पाणी, कुंडी, खत सगळं बदलतात आणि मग झाड कशाने सुधारलं किंवा कशाने गेलं हे कधीच कळत नाही. एक गोष्ट बदला आणि नवीन पानाची वाट बघा. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नसते. हवी तर कात्रीने पानाच्या आकारात कापा, तपकिरी रेघ किंचित शिल्लक ठेवून, म्हणजे जिवंत भागाला जखम होत नाही. निकाल सुरळीतून येणारं नवीन पान देतं. ते बोटांनी उलगडायची घाई करू नका, फाटतं.

एवढं करून झाड फुटलं आणि कुणी ‘एक पान दे, लावतो’ म्हणालं, तर देऊ नका. पानापासून ते होत नाही. कुंडी बदलताना मुळखोडाचा कोंब आणि मुळं असलेला तुकडा वेगळा करावा लागतो. २०१२ साली बहुतेक कॅलेथियांची रवानगी गोएपर्टिया या प्रजातीत झाली, पण बाजारातली चिठ्ठी अजून जुनीच आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर लांब, लहरदार कडांच्या पानांची लॅन्सिफोलिया घ्या, बरीच सोशीक आहे. पांढऱ्या शिंतोड्यांची व्हाइट फ्यूजन मात्र दुसऱ्याच्या घरी बघावी.