आधी पटावर नाव, दप्तराचं मग बघू

(पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.)

परवा एका ग्रुपवर आवाहन आलं. छत्तीसगडमधून तेलंगणात आलेल्या आदिवासी मुलांसाठी दप्तरं, वह्या, कंपास गोळा करायचे आहेत, पोस्ट फिरवा. मी फिरवली. खाली पटापट बदाम पडले, दोघांनी पैसेही पाठवले. चांगलंच आहे. पण हाच विषय निघालाय तर डोक्यात बरेच दिवस घोळणारं एकदा लिहून टाकते.

ही मुलं कोण, ते आधी. २००५ च्या जूनमध्ये दक्षिण छत्तीसगडच्या बस्तर भागात, आजच्या बिजापूर जिल्ह्यात, सलवा जुडूम सुरू झालं, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्याने उभी राहिलेली मोहीम. एका बाजूला माओवादी, दुसऱ्या बाजूला हत्यारबंद जुडूम आणि सुरक्षा दलं, आणि मध्ये गावं. घरं जळली, माणसं मेली. काही गावं रस्त्याकडेच्या छावण्यांत कोंबली गेली आणि काही लोक रातोरात जंगलातून गोदावरीच्या खोऱ्याकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात उतरले. आज त्यातल्या बऱ्याच वस्त्या तेलंगणात आहेत, भद्राद्री कोत्तागुडेम, मुलुगू, जयशंकर भूपालपल्ली या जिल्ह्यांत. तिथले लोक त्यांना गुत्ती कोया म्हणतात. किती आहेत? सरकारी आकडा दहा हजारांच्या आसपास, त्यांच्यात काम करणाऱ्यांचा पन्नास हजारांच्या आसपास. एवढा फरक पडतो म्हणजे नीट मोजायला कुणी गेलंच नाही. आणि जो मोजला नाही, त्याच्यासाठी शाळा कुठून येणार?

तिकडे छत्तीसगडमध्ये, मागे राहिलेल्या गावांतल्या शाळांचं काय झालं, तेही सांगायला हवं. माओवाद्यांनी कित्येक शाळा उडवल्या, कारण तिथे जवान मुक्काम करत. जवान मुक्काम करत, कारण अख्ख्या गावात पक्की इमारत तेवढी एकच. सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की शाळा आणि आश्रमशाळा सुरक्षा दलांनी रिकाम्या कराव्यात. ५ जुलै २०११ च्या निकालात न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी करून लढाईत उतरवणंच घटनाबाह्य ठरवलं. बस्तरमधल्या बंद पडलेल्या शाळांपैकी दोनशेहून अधिक शाळा पुन्हा उघडायला पंधरा-सोळा वर्षं गेली. जे मूल २००५ मध्ये पहिलीत होतं, त्याची शाळा उघडली तेव्हा ते स्वतः बाप झालेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विस्थापित मुलाच्या शिक्षणात सगळ्यात मोठा अडथळा दप्तराचा नसतो, बऱ्याचदा इमारतीचाही नसतो. सरकारमान्य शाळेच्या पटावर त्याचं नाव नसतं, हा असतो. नाव नाही म्हणजे पोषण आहार नाही, पुस्तक नाही, गुणपत्रक नाही आणि पुढे कधीच कसला दाखला नाही. झाडाखाली कितीही छान गाणी म्हणवून घ्या, सरकारच्या लेखी ते मूल घरीच बसलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या लोकांबरोबर तेलंगणात भद्राचलमच्या पलीकडे अशाच एका वस्तीवर गेले होते. तिथून शाळेच्या गावापर्यंत पायवाट, मध्ये दोन ओढे. एक आई आपल्या मुलाला घेऊन आमच्याबरोबर आली. मुख्याध्यापक तेलुगूत बोलत होते, आई कोया भाषेत, आणि मध्ये वस्तीवरचा एक दहावी नापास पोरगा दोन्हीकडून. जन्माचा दाखला? बाळंतपण झोपडीत झालेलं. आधार? अर्ज केलाय. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून नवऱ्याचं मतदार ओळखपत्र काढलं, चार घड्या घातलेलं रेशनकार्ड काढलं. सरांनी ते उलटसुलट करून बघितलं. मग मुलाला म्हणाले, हात डोक्यावरून पलीकडे ने, कान पकड. कान सहज हातात आला. म्हणजे सहा वर्षं उलटलेली! खरं तर तो नऊएक वर्षांचा असावा. "पहिलीत टाका," सर म्हणाले. मुलाला वीसपर्यंतची बेरीज तोंडी येत होती. कोयात.

सर वाईट नव्हते. उलट बरेच भले होते, नाव घेतलं त्यांनी. पण कायद्यात काय लिहिलंय ते त्यांना नीट कुणी सांगितलं नव्हतं. १ एप्रिल २०१० पासून देशात शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याचं कलम ४ सांगतं की सहा वर्षांवरचं शाळाबाह्य मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि बाकीच्यांच्या बरोबरीने येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं. नऊ वर्षांच्या पोराला पहिलीत नाही. कलम ५ सांगतं, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, मूल दुसऱ्या राज्यातून आलं असलं तरी. कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारायचं नाही. आणि कलम १५, प्रवेशाची मुदत उलटली म्हणूनही नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असताना जी शाळाच स्फोटात गेली, तिचा दाखला आणा असं आईबापांना सांगितलं जातं. त्यात हल्ली ऑनलाइन पोर्टलची भर. आधीच्या शाळेने नाव सोडल्याशिवाय नव्या शाळेत ते चढत नाही. सोडायला तिकडे कुणी असायला तर हवं!

हाच कायदा वापरून काय करता येतं, ते मिझोरामने दाखवलंय. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथल्या चिन जमातीचे लोक सीमा ओलांडून आले. त्याच वर्षी मिझोरामच्या शालेय शिक्षण संचालकांनी जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र धाडलं, शिक्षण हक्क कायद्याचा आधार देऊन, की या मुलांना सरकारी शाळांत घ्या. परदेशातून आलेली मुलं, बरं का. पुढे मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, तेव्हा तिथून आलेल्या मुलांनाही शाळांत घेतलं. चिन आणि मिझो नात्यातले, भाषाही जवळची, त्यामुळे तिथे सोपं गेलं हे मान्य. पण तेलंगणातले कोया आणि बस्तरहून आलेले कोया हेही काही परके नाहीत. नातं असलं म्हणजे आपोआप दार उघडतं असं नाही. कुणीतरी सही करून पत्र काढावं लागतं.

आता "तात्पुरत्या" शाळांबद्दल. हा मुद्दा काही मित्रांना आवडणार नाही, कारण त्यांनी अशा शाळा स्वतःच्या खिशातून चालवल्यात. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१७ मध्ये रोहिंग्या लोंढ्याने आले. सरकारने ठरवलं की यांना बांगला अभ्यासक्रम शिकवायचा नाही, नाहीतर इथेच राहतील. मग संस्थांची शिक्षण केंद्रं उघडली, बांबूची, एका खोलीची. म्यानमारचा अभ्यासक्रम तिथे प्रयोग म्हणून सुरू व्हायला २०२१ चं वर्ष संपत आलं. आणि २०२५ मध्ये परदेशी निधी आटला, तशी त्यातली पुष्कळ केंद्रं बंद पडली. शिकलेल्याचं कुणाला मान्य असं प्रमाणपत्र नाही, आणि केंद्र कधी बंद पडेल ते दूरच्या कुठल्यातरी राजधानीतल्या बजेटवर. तुर्कस्तानात सीरियाच्या मुलांसाठी आधी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रं होती. २०१६ नंतर ती टप्प्याटप्प्याने मिटवून मुलांना सरकारी शाळांत घालायला सुरुवात झाली. भाषेवरून मुलांचे हाल झाले, चिडवाचिडवी झाली, काहींनी शाळा सोडली. तरीही दोन्हींतून निवडायला सांगितलंत तर मी तुर्कस्तानचा रस्ता निवडेन. छावणीतली शाळा मुलाला सांभाळते, हे खरं. पण पाच वर्षं सांभाळून त्याला कुठे सोडते?

झोपडीतला वर्ग नको, असं मी म्हणत नाहीये. राखीव जंगलात पक्की इमारत सहजासहजी बांधता येत नाही. जवळची शाळा तीन-चार किलोमीटरवर असते, पावसाळ्यात ओढे भरतात, तेव्हा सहा वर्षांचं पोरगं कसं जाणार? वस्तीवरचा वर्ग लागणारच. फक्त तो वर्ग गावच्या शाळेची शाखा असावा. हजेरी तिथली, पुस्तकं तिथली, परीक्षा तिथली. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढतात, त्यात तरी दुसरं काय आहे? मूल कुठेही गेलं तरी त्याचं शिक्षण त्याच्या नावावर लागावं, एवढंच. (ते कार्ड दरवर्षी प्रत्येक पोराच्या हातात पडतं का, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

गावकऱ्यांचाही विचार करायला हवा. यजमान गाव काही श्रीमंत नसतं. शाळेत एक-दोन शिक्षक, नळाला पाणी नाही. तिथे बाहेरून गाडी येते आणि फक्त "त्या" मुलांना नवीन दप्तरं वाटून, फोटो काढून जाते. स्थानिक कोया मूल फाटकी पिशवी घेऊन बघत उभं. जमिनीवरून, जंगलतोडीवरून आधीच तणाव असतो. सवलतींत वाटेकरी आले, ही भावना असते. त्यात ही भर कशाला? द्यायचं तर शाळेला द्या, सगळ्या पोरांना मिळेल असं द्या. हातपंप दुरुस्त करून दिलात तर कुणाचं मूल कुठून आलंय हे पाणी विचारत नाही.

आणि खरंच पैसे द्यायचे असतील तर तो दहावी नापास पोरगा आठवा. कोया येते, तेलुगू येते, वस्तीतली प्रत्येक आई त्याला ओळखते. त्याला महिन्याचं मानधन मिळालं तर तो सकाळी मुलं गोळा करून शाळेत नेईल, पहिली दोन वर्षं गुरुजींच्या शेजारी बसून समजावेल, संध्याकाळी परत आणेल. दाखल्यांसाठी मंडल (म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या) कार्यालयात खेटे घालेल. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाहीत. दप्तराला मिळतात.

चौदा वर्षांनंतरचं तर आणखी अवघड. कायदा आठवीपर्यंत हात धरतो. पुढे वसतिगृह, शिष्यवृत्ती, निवासी शाळांतल्या राखीव जागा, या सगळ्याला जातीचा दाखला लागतो. अनुसूचित जमातीचा दर्जा राज्याची हद्द ओलांडली की सोबत येत नाही. छत्तीसगडमध्ये आदिवासी असलेला माणूस गोदावरीकाठी येऊन कागदावर कुणीच राहत नाही. त्यामुळे आठवी झालेली पोरं मिरची तोडायला जातात. त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसवता येतं, पण फॉर्म कुणी भरायचा, फी कुणी द्यायची, अभ्यास कुणी घ्यायचा? इथे आपल्यासारख्यांच्या पैशाचा आणि वेळेचा खरा उपयोग आहे.

काही जण म्हणतील, आता तिकडे शांतता येतेय, यांना परत जाऊ द्या, इथे कशाला मुळं रुजवायची? जावंसं वाटेल त्यांनी जरूर जावं. पण तेलुगू माध्यमात सहावीपर्यंत आलेली मुलगी उद्या छत्तीसगडमधल्या सुकम्याला परतली, तर तिथली शाळा हिंदीची. तिच्याकडे तेलंगणच्या शाळेचा दाखला असेल, तर ती सातवीत बसेल, आणि हिंदीसाठी वेगळी मदत तिला मागता येईल. दाखला नसेल तर तिकडचे गुरुजीही तिला डोक्यावरून कान पकडायला सांगतील. म्हणून परतीची बोलणी करताना दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी एकमेकांचे दाखले बिनबोभाट मान्य करण्याचं पत्र आधी काढावं. घरं, जमिनी, भरपाई यांच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालतील. हे एक पानी पत्र येत्या जूनच्या आत निघू शकतं.